चिमणीचा शेंडा

आज उडणं शक्य नाही हे शेंबड्या पोरालाही कळावं, अशा दिवशीसुद्धा माणिकमामा विमान शेडमधून बाहेर काढायला लावत. लातूरजवळच्या आमच्या ग्लायडिंग क्लबचे ते प्रशिक्षक. विमान बिनइंजिनाचं, लांब पोलादी तारेनं ओढून वर सोडायचं. न उडण्याच्या दिवशी ती तार फडक्यातून सरकवायची. फडकं अडकलं, की तिथला धागा तुटलेला. कुणी कुरकुरलं तर मामा म्हणत, “विमान वर बिघडत न्हाई. ते हितंच बिघडून बसलेलं असतंय.”

त्यांचा कायदाही एकच. साखर कारखान्याची चिमणी शेंड्यापर्यंत दिसली तर उडायचं, नाहीतर चहा.

त्या दिवशी सकाळपासून आभाळ खाली उतरलेलं. मामांची नजर अधू होत चालली होती, आणि डॉक्टरांनी परवाना पुढे वाढवायला नकार दिला होता. मुदत त्याच संध्याकाळी संपणार होती. पुढच्या सीटवर मला बसवून एक शेवटची फेरी मारायची, एवढंच त्यांना हवं होतं. आम्ही तार तपासली, पंख पुसले, परत पुसले. मामांनी चौथा चहा तसाच गार होऊ दिला.

चारच्या सुमाराला जरा उजळलं. दोघे-तिघे ओरडले, “दिसली मामा, दिसली!”

मामांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “पोरी, तू सांग. शेंडा हाय का?”

चिमणी अर्ध्यातून वर ढगात होती. “न्हाई, मामा.”

“परत बघ की गं.”

इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला असं विनवलेलं मी ऐकलं नव्हतं. मी परत पाहिलं. खोटं बोलायची फार इच्छा झाली.

“न्हाई.”

ते पंखाशेजारी गवतात मटकन बसले. मग म्हणाले, “आत घ्या विमान.”

दुसऱ्या दिवशी ऊन लख्ख पडलं. मी तेव्हा एकटी उडायला लागले होते. मामा धावपट्टीच्या कडेला येऊन उभे राहिले.

“चिमणी?”

“हाय, मामा.”

“मग जा.”

तार सुटली, विमान वळलं. वरून मला त्यांचा पांढरा सदरा स्वच्छ दिसत होता. कपाळावर हात धरून ते मला शोधत होते, भलत्याच दिशेला.