फोटो वर घेणे – झाले

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. एका वहीत आहे, पण तिथे चारच शब्द आहेत, आणि ते वाचून कोणाला काही कळणार नाही.

मी याद्या करणारी बाई आहे. सकाळी ऑफिसात आलं की दिवसाची कामं एकाखाली एक लिहायची, काम झालं की पुढे ‘झाले’ लिहून बरोबरची खूण करायची. नंदुरबारमधल्या एका संस्थेचं ऑफिस मी असंच चालवत आले. आमचं मुलींचं वसतिगृह आहे, दर वर्षी प्रवेश असतात. मॅडमच्या हातून काही सुटत नाही, असं लोक म्हणतात. खरंच सुटत नाही. म्हणून ‘माझ्या लक्षात आलं नाही’ असं म्हणायची सोय मला नाही.

आधी आमची वेबसाइट सुरतेचा एक माणूस सांभाळायचा. एक तारीख बदलायला चार दिवस लागायचे. मग आम्ही असं साधन घेतलं की पान समोर दिसतं आणि माउसने मांडता येतं – मजकुराचा चौकोन, फोटोचा चौकोन, उचलायचा आणि ठेवायचा. चौकोन दोन तऱ्हांनी ठेवता येतो. रांगेत ठेवला तर शेजाऱ्यांना धरून राहतो. मोबाइलवर सगळे आपोआप एकाखाली एक येतात. रांगेतून मोकळा केला तर वाटेल तिथे बसतो, पण मग त्याला शेजार कळत नाही. अरुंद पडद्यावर तो कोणाच्या अंगावर जाऊन बसेल, सांगता येत नाही.

हे मला रमिलाने शिकवलं. हेही लिहून ठेवायला हवं – मला हे माहीत होतं, आणि तिच्याकडूनच माहीत झालं होतं.

रमिला धडगावकडची. तिशीतली, एका मुलीची आई, आमच्याकडे वर्षाच्या करारावर. तिला पान मोकळं लागायचं. मला वाटायचं, सगळं कुलूपबंद असावं, तीन ठरलेल्या जागा तेवढ्या बदलाव्यात. “मॅडम, तुम्ही पानाला गणवेश घालता,” ती म्हणायची. “आणि तू त्याला जत्रेला नेतेस,” मी म्हणायचे. हसायचो दोघी. मला ती आवडायची का? हो. आवडायची. त्याने काय होतं?

त्या वर्षी प्रवेशाच्या पानावर तिने एक गोष्ट केली. मुलाखतीच्या तारखांचा तक्ता होता, दोनच ओळी. वरची सपाटीच्या गावांची – शनिवार. खालची डोंगरातल्या गावांची – त्याच्या आधीचा गुरुवार. त्या खालच्या ओळीत तिने एक बटण बसवलं. दाबलं की तिचाच आवाज, पावरीत, म्हणजे डोंगरातल्या बोलीत, सगळी सूचना वाचून दाखवायचा. घरी मराठी वाचणारं कोणी नसलं तरी तारीख कळावी म्हणून. मला विचारलं नव्हतं. मी थोडी रागावले, पण ठेवलं. पान तिने मोबाइलवर उघडून बघितलं, मलाही दाखवलं, आणि भावाच्या लग्नाला आठ दिवसांची रजा घेऊन दुपारच्या गाडीने गेली.

संध्याकाळी अध्यक्षांचा फोन आला. “ताई, मन्हा फोटो इतला खाले काब्र शे? लोके हासतीन ना!”

मी वहीत लिहिलं – फोटो वर घेणे. पान उघडलं. फोटो ओढला, तो सरकेना, रांगेत होता. मग मी तो मोकळा केला. लगेच वर आला, तक्त्याच्या उजवीकडे छान बसला. माझ्या टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर छानच दिसत होता. मोबाइल हाताशी होता. बघायला किती वेळ लागतो? मी नाही बघितलं. ‘झाले’ लिहिलं, खूण केली, आणि पानाची लिंक सगळ्या गावांच्या ग्रुपवर मीच टाकली.

मोबाइलवर तो फोटो तक्त्याच्या खालच्या ओळीवर बसला होता. तारखेवर, आणि बटणावरही.

गुरुवारी डोंगरातून फार थोड्या मुली आल्या. समितीने उरलेल्या जागा प्रतीक्षा यादीतून भरून टाकल्या. शनिवारी बाकीचे आले – सात मुली, वडिलांबरोबर. एक जण मणिबेलीकडचा, होडीने निघालेला, मग जीप, मग एसटी. त्याने फोन माझ्यापुढे धरला. “मॅडम, शनिवारच आहे ना? दुसरं काय दिसतच नाही.” पडद्यावर शनिवार होता, आणि खाली अध्यक्ष हसत होते.

सात मुली परत गेल्या. त्या वर्षी त्यातल्या किती जणी कुठल्याच शाळेत गेल्या नाहीत, याची यादी मी केली नाही. बाकी सगळ्याच्या याद्या करते.

अध्यक्षांनी मला आत बोलावलं. हे कोणी केलं, म्हणाले.

मी म्हणाले – “पान रमिला बनवते.”

हे वाक्य खरं होतं. म्हणूनच मी ते निवडलं. पुढचं सगळं त्यांनीच जुळवलं – न विचारता बटण बसवलं, मोकळं काम करते, घाई करून लग्नाला गेली. मी नुसती उभी होते. मान हलवली का? हलवली.

ते साधन प्रत्येक बदलाची वेळ नोंदवून ठेवतं. पण आम्ही सगळे एकाच नावाने आत जायचो, ‘ऑफिस’ या नावाने. पासवर्ड माझ्या टेबलाच्या काचेखाली. नोंद होती – ऑफिस, संध्याकाळी पाच चाळीस. तेव्हा रमिला एसटीत होती. कोणीही एकदा बघितलं असतं तरी कळलं असतं. कोणी बघायला मागितलं नाही, आणि मी दाखवलं नाही.

ती रजेवरून आली. “मॅडम, मी बघून गेले होते. तुम्हालाही दाखवलं होतं.”

“मग काय, आपोआप सरकलं?” मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. फार नाही. मग तिने टेबलाच्या काचेकडे बघितलं, पासवर्डाच्या कागदाकडे. तिला कळलं होतं. मला कळलं की तिला कळलं. तिचा करार पुढे वाढवला नाही. ते पत्र मीच टाइप केलं. वहीत लिहिलं, खूण केली.

त्यानंतर पान मी माझ्या मनासारखं केलं. सगळं कुलूपबंद, बदलता येणाऱ्या जागा तीन. आवाजाच्या बटणाला त्या मांडणीत जागाच उरली नाही. फोटोची जागा मात्र वर, कायमची पक्की केली. पासवर्ड आता माझ्याकडेच असतो. पाच चाळीसची ती नोंदही माझ्याकडेच.

आणि इतकं करून मी थांबले नाही. आमचं पान बिघडत नाही, म्हणून दुसऱ्या संस्था मला शिकवायला बोलावतात. पान किती मोकळं ठेवावं, किती पक्कं, हे मी सांगते. पटावं म्हणून उदाहरण देते – आमच्याकडे एक बाई होती, हौशी, तिला सगळं मोकळं लागायचं, तिच्यामुळे सात मुलींचे प्रवेश गेले. लोक हळहळतात. उदाहरण चांगलं लागू पडतं.

गेल्या महिन्यात तळोद्याला होते. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, “मॅडम, मग त्या बाई आता कुठे असतात?”

मी म्हणाले, माहीत नाही.

रमिला नवापूरला असते. एका पोल्ट्रीच्या ऑफिसात कोंबड्यांच्या गाड्यांची नोंद ठेवते. तिचा नंबर माझ्या वहीत आहे. मी पुढचा मुद्दा घेतला.