खंडेरावाचा पोपटी फेटा

तर काल गोष्ट सांगता सांगता मी खंडेरावाला गुलाबी फेटा बांधून आरशासमोर उभा केला आणि तसाच सोडून जेवायला उठलो. बिचारा अजून उभाच असेल. चला, सोडवू त्याला.

खंडेराव आमच्या ओझरकडचा भाजीपाला करणारा शेतकरी. आयुष्यभर डोक्याला पोपटी फेटा आणि मागे शेमला थेट गुडघ्यापर्यंत. त्या शेमल्यानं घाम पुसायचा, त्यातच उरलेल्या मिरच्या बांधायचा. एकदा तर पळून चाललेलं करडूही त्यानंच बांधून आणलं. पोपटीच का, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, डोक्यावर हिरवं असलं की पाऊस लांबला तरी हुरूप राहतो. गावात सफारीची लाट आली, मग क्रिकेटच्या टोप्यांची आली. दोन्ही ओसरल्या. हा आपला पोपटी.

पण दोन हजार चार साली त्याच्या सायलीचं लग्न ठरलं, नाशिकच्या मोठ्या कार्यालयात. तेव्हा नवी टूम निघालेली, लग्नात सगळ्या पुरुषांना एकाच रंगाचे फेटे. नवरदेवाच्या भावानं, रोहितनं, गुलाबी ठरवला. सायली बापाला म्हणाली, अण्णा, एक दिवस बांधा, तिकडची माणसं हसायला नकोत. लेकीला सासरी खाली बघावं लागू नये म्हणून गडी गुलाबी फेटा बांधून आरशासमोर उभा राहिला. पोपटी फेटा मात्र घडी करून पिशवीत घेतलाच.

मग आली व्याहीभेट. दोन्ही बापांनी चारचौघांत एकमेकांना मिठी मारायची. सनई वाजली आणि बघतो तो मांडवभर गुलाबी डोकी. व्याह्यांनी खंडेरावाला दोनदाच पाहिलेलं, दोन्ही वेळा पोपटी फेट्यात. त्यांनी त्या गुलाबी ताटव्यातून एक रुंद खांद्याचा माणूस हेरला आणि गच्च मिठी मारली. तो निघाला आचारी बहिरू! त्यालाही कुणीतरी फेटा गुंडाळलेला. बहिरू पडला भला माणूस. त्यानं उलट मिठी मारली, नारळ घेतला, वर व्याह्यांना हातभर उचलून अलगद खाली ठेवलं. फोटोसुद्धा निघाला. खरा बाप खांबाशेजारी हात पसरून तसाच.

बायका हसून हसून खाली बसल्या. खंडेरावाचा चेहरा मात्र उतरला. त्यानं आधी सायलीकडे पाहिलं. ती मुंडावळ्या सावरत आली, पिशवीतून पोपटी फेटा काढला आणि त्याच्या हातात दिला.

"अण्णा, तुमचाच बांधा. मला माझा बाप लांबून दिसला पाहिजे."

खंडेरावानं तिथंच, मांडवात, आरशाशिवाय फेटा बांधला. व्याही लांबूनच हात पसरत आले, भेट पुन्हा झाली. रोहित तर बघतच राहिला. म्हणाला, काका, लय भारी दिसतंय, आता माझ्या लग्नात आम्ही सगळेच पोपटी बांधणार.

खंडेरावानं शेमला गुडघ्यावर झटकला.

"बांधा की, बाळा. पन मंग भेटीला बहिरूलाच उभा करा, त्याला आता सवय झाली हाय."