कापसाच्या गाडीवरची अक्षत

"गाड्या तं जाऊनच राह्यल्या अकोल्याले. गाडीवान वाटंनं अक्षत देत जातीन. तुले कावून धाडू, सदबा?"

पाटलांनी असं विचारलं तेव्हा मी त्यांची दाढी करत होतो. वस्तरा गळ्यावर असताना वाद घालू नये, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शहाणपण.

मी गावचा म्हाली, म्हणजे न्हावी. लग्नाची आवतनं पोचवणं हे आमचं पिढीजात काम, आणि पाटलांच्या पार्वतीचं लग्न ठरलं होतं. ते वर्ष कापसाचं होतं. समुद्रापलीकडे कुठंसं युद्ध पेटलं होतं आणि आमच्या काळ्या मातीतलं बोंड सोन्याच्या भावानं चाललं होतं. अमरावतीच्या बाजारात गाड्यांना उभं राहायला जागा नव्हती. मजुरी वाढली, रेल्वेच्या ठेकेदारानं माणसं पळवली, तशी मीही आवतनाच्या कामाला चार पायल्या ज्वारी जास्त मागितली. पाटलांच्या अंगणात कापसाचे डोंगर होते, पण हात आखडता. पैका आला की तो मोजायची खोडही येते.

दाढी उरकल्यावर मी त्यांना समजावलं. अक्षत म्हणजे हळदीकुंकवात रंगवलेले दाणे. पहिली मारुतीला, मग घरोघरी. म्हाली आत जातो, बसतो, पाणी पितो आणि हातावर अक्षत ठेवून सांगतो, "घरटी एक" किंवा "चूलबंद". चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी लग्नाला यायचं. पण हे झालं अर्धं काम. कोण खुशीत आहे, कोण रुसलंय, हे परत येऊन यजमानाला सांगणं हे उरलेलं अर्धं. रुसवा कळला तर काढता येतो.

"रुसणारा कोन हाये आता?" पाटील म्हणाले.

मी नवरीच्या मामाचं नाव घेतलं. पार्वतीची आई ती लहान असताना वारली आणि पाटलांनी मेव्हण्याला न कळवता दुसरं लग्न केलं. तेव्हापासून येणंजाणं तुटलं होतं. मुलीला बोहल्यावर मामानं आणायचं असतं, आणि मामाला मानाची गाडी पाठवून आणायचं असतं. पाटलांनी हातानंच मला थांबवलं. अक्षता गाडीवानांबरोबर गेल्या.

लग्नाच्या सकाळी पार्वती हळदीच्या अंगानं दारात आली. "सदबाकाका, मामा कधी येईन?" पोरीनं आईचं माणूस म्हणून तो एकच मामा धरला होता. मी पाटलांकडे गेलो. ते म्हणाले, अक्षत पोचली आहे, यायचं असेल तर येईल. मग पोरीचं तोंड पाहिलं आणि उठून म्हणाले, "जाय, घेऊन ये."

पण जायचं कशानं? चांगल्या बैलजोड्या कापूस घेऊन अकोल्याच्या वाटेवर. उरली एक म्हातारी जोडी. तीच रेंगीला, म्हणजे हलक्या गाडीला, जुंपली. बैल मारून पळत नाहीत, म्हणून मारले नाहीत.

मामांच्या गावी पोचलो तर मामा ओट्यावर बसलेले. धुतलेलं धोतर, डोक्याला पागोटं, मांडीवर भाचीचं लुगडं. कालपासून असेच बसले आहेत, असं मामी म्हणाली. मामा शेतात असताना गाडीवान अक्षतेची पुडी दाराच्या कडीला बांधून गेला होता.

"पुडी भेटली," मामा म्हणाले. "म्हनलं, मांगून गाडी येईन. वाट पाहून राह्यलो."

तिकडे पाटील मामाची वाट पाहत होते, इकडे मामा गाडीची. मी आत गेलो, पाणी प्यालो, त्यांच्या हातावर अक्षत ठेवली आणि चूलबंद सांगितलं. ते लगेच उठले.

म्हातारे बैल त्यांच्या चालीनंच आले. शिवेवर पोचलो तेव्हा वाजंत्री एकदम जोरात वाजली. आमच्याकडे ती कधी वाजते हे लहान पोरालाही ठाऊक असतं. शेवटच्या मंगलाष्टकेनंतर. मामांनी रेंगी थांबवायला सांगितली आणि वाजणं संपेपर्यंत लुगडं छातीशी धरून बसून राहिले. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

बोहल्यावर पार्वतीला चुलत्यानं आणलं होतं. मांडवाच्या दारात पाटलांनी पागोटं काढून मामांच्या पायावर ठेवलं.

"उचला, भाऊजी," मामा म्हणाले. "मले मान नाई भेटला तं चालते. तिले मामा पाह्यजे होता."

पार्वतीनं लुगडं घेतलं आणि मामांच्या पायावर डोकं ठेवून बराच वेळ उठली नाही.

पुढे दुसऱ्या बायकोच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा युद्ध संपलं होतं आणि कापसाचा भाव पडला होता. पाटलांनी मला बोलावलं, मागितली तेवढी ज्वारी दिली आणि माझ्याबरोबर स्वतः रेंगीत बसले. मारुतीनंतरची पहिली अक्षत त्यांनी मामांच्या हातावर ठेवली. त्या मुलीचे ते मामा नव्हते, तरीही.

आवतन कुणीही पोचवू शकतो. गाडीवानानं ते पोचवलंच होतं. परत येताना काय आणायचं, ते मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या धाकटीच्या लग्नाच्या दिवशी मामांच्या घरी चूल पेटली नाही. पार्वतीही सासरहून आली होती. पंगतीत ती मामांच्या शेजारी बसली.