कालव्याच्या वळणावरचा हॉर्न

लग्न होऊन मी या वाडीत आले ती मुक्कामी एसटीतून, आणि गाडी चालवत होते इक्बालमामा. कालव्याच्या वळणावर त्यांनी लांबलचक हॉर्न दिला. मला वाटलं, नवी नवरी आली म्हणून मान देताहेत. पदरातल्या पदरात सुखावले. दारात आलो, तर सासूबाई मला ओवाळता ओवाळता मागं वळून जावेला ओरडल्या, "अगं, तवा ठेवला का? हॉर्न कवाच झाला! आज डायवर-कंडक्टर आपल्याकडं हायत न्हवं!"

तो हॉर्न माझ्यासाठी नव्हता, तव्यासाठी होता.

आमची वाडी तळेगाव ढमढेऱ्याच्या आत, कालव्यापलीकडं. शिरूरहून संध्याकाळची शेवटची गाडी आमच्याकडं यायची आणि भैरवनाथाच्या देवळासमोर चिंचेखाली रात्रभर उभी राहायची. सकाळी उजाडायच्या सुमाराला तीच गाडी कॉलेजची पोरं, भाजीच्या पाट्या, दवाखान्याची माणसं घेऊन परत शिरूरला. डायवर-कंडक्टर देवळाच्या ओवरीत झोपायचे आणि त्यांचं जेवण घराघरांकडं पाळीनं असायचं. ही पाळी कुणी लावून दिली ते वाडीत कुणालाच सांगता येत नाही. पण चुकली असं कधी झालं नाही.

इक्बालमामा शिरूरचे. उंच, खांद्यात जरा वाकलेले, मिशीला तेल. एकादशीला आमच्याकडं पाळी आली की सासूबाई म्हणायच्या, "तुमाला भाकरी टाकते, तुमी कशाला उपास धरता?" मामा म्हणायचे, "सारजाबाई, साबुदान्याची खिचडी सोडून भाकरी खाऊ? येडा हाय का मी?" आणि रमजानात त्यांच्यासाठी पहाटेच्या आधी चूल पेटायची. सासूबाई स्वतः उठायच्या, मला उठवायच्या नाहीत. "देवाचं करताना कुनाला मोडता घालू नये" एवढंच म्हणायच्या, मग देव कुणाचाही असो.

हरिपाठ चालू असला की मामा देवळापाशी येऊन गाडी बंद करायचे आणि आरती होईपर्यंत आत बसूनच राहायचे. बोटं मात्र स्टेअरिंगवर टाळाबरोबर चालायची. माझ्या मुलीच्या, अपेक्षाच्या वेळी मी पोटुशी होते, तपासणीला शिरूरला जायचे, तेव्हा प्रत्येक खड्ड्याला "सरक बाबा, लेक बसलीय गाडीत" असं म्हणत चालवायचे. सगळी गाडी हसायची.

रिटायर झाल्यावरही दर गुरुवारी ते प्रवासी होऊन यायचे, नव्या डायवरबरोबर पाळीच्या घरी जेवायचे आणि सकाळी परत. मी एकदा विचारलं, "मामा, घरी शहजादीभाभी वाट बघत असतील, तिथं करमत नाही का?"

"करमतंय की. पन झोप इथं लागती."

मग जुन्या गाड्या मोडीत निघाल्या. धूर ओकतात, हवा बिघडवतात, ऊनपाऊस त्यानंच बदललाय, असं सरकारचं म्हणणं. खोटं कसं म्हणू? मामांच्या छातीतला खोकला त्याच धुराचा होता. त्यांच्या जागी विजेच्या गाड्या आल्या. गार, चकचकीत, आवाज म्हणून नाही. पण त्या मोठ्या रस्त्यानं धावायच्या आणि रात्री चार्जिंगला आगारात जायच्या. वाडीत मुक्काम करायची त्यांना सोयच नव्हती. चिंचेखालची जागा मोकळी पडली. गुरुवारचे मामाही यायचे थांबले.

अपेक्षा आता शिरूरला सायन्सला होती. सकाळचं प्रॅक्टिकल गाठायला ती वडापच्या, माणसं कोंबून नेणाऱ्या जीपला मागं लोंबकळून जायची. एकदा तिच्या वडिलांनी ते डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवशी जेवताना त्यांनी सांगून टाकलं, "दिवाळीनंतर कासुर्डीला प्रगतीआत्याकडं राहायचं. तिथनं कॉलेजला गाडी हाय. शिकायचं तर तिथनं. न्हाईतर बास झालं." अपेक्षा ताटात भात तसाच ठेवून उठली. माझं घर रिकामं होणार की नाही, ते आता एका गाडीवर आलं होतं.

श्रावणात बातमी आली, दिल्लीहून संसदेची समिती शिरूरला येणार. हवामानासाठी आणि वाहतुकीसाठी सरकार जे करतंय, त्याचा लोकांना खरोखर काय उपयोग झाला, हे खासदार स्वतः विचारणार. सरपंच पोपटराव म्हणाले, "सगळ्यांनी जायचं. गाडी बंद झाली ते तोंडावर सांगायचं!"

जायचं कसं, यावर मात्र खल झाला. जीपमध्ये म्हाताऱ्या बसेनात. मग पोपटरावांनी लग्नाला करतात तशी एक एसटी करारावर केली. ती सकाळी चिंचेखाली येऊन उभी राहिली आणि आम्हा बायांना काय झालं कोण जाणे. कुणी हार आणला, कुणी नारळ फोडला. सासूबाईंनी तर औक्षणच केलं. डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "किती दिसांनी आली गं बाई."

शिरूरला सुनावणी एका मंगल कार्यालयात होती. हार घातलेली गाडी फाटकात शिरली तसा वॉचमन म्हणाला, "नवरदेव कुठाय?"

"आत दिल्लीवाले बसलेत, त्यातला एखादा धर की," सासूबाई म्हणाल्या.

इक्बालमामा दारातच उभे होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. पोपटरावांनी फोन करून बोलावलं होतं. मामा माझ्याशी हळूच बोलले, "सुलक्षणा, मी काय बोलनार गं? जल्मभर एसटीचं खाल्लं. तिच्याविरुद्ध तोंड उघडंना."

आत आधी अधिकाऱ्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. धूर किती कमी झाला, गाड्या किती वाढल्या. समितीच्या अध्यक्ष एक बाई होत्या, उत्तरेकडच्या. त्यांनी विचारलं, जिथली जुनी गाडी गेली त्या प्रत्येक गावात नवी पोचली का? अधिकारी कागद चाळायला लागले. मग बाईंनी आमच्याकडं वळून हिंदीत विचारलं, "आप लोग आज कैसे आए?"

पोपटराव छाती काढून उठले. "एसटी से आए, मॅडम! पूरा गाव!"

हॉलमध्ये हशा पिकला. अधिकाऱ्यांचा चेहरा उजळला. एका खासदारांनी खिडकीतून गाडीकडं बघितलं आणि काहीतरी लिहून घेतलं. तेव्हा कुठं आमच्या ध्यानात आलं, आम्ही काय करून बसलो. गाडी येत नाही हे सांगायला आम्ही गाडीतूनच आलो होतो. पोपटराव सावरायला गेले, करार, लग्न, जीप असं काहीबाही बोलले, आणि ते जास्तच खोटं वाटायला लागलं. माझ्या शेजारी अपेक्षा मान खाली घालून बसली होती. मी भैरवनाथाचं नाव घेतलं.

मामा उठले. खोकले. म्हणाले, "मॅडम, उस गाडी को हार देखा आपने?"

"हाँ, बहुत सुंदर है."

"जो रोज घर आता है, उसको कोई हार पहनाता है क्या?"

बाईंनी परत खिडकीबाहेर पाहिलं. मग त्यांनी विचारलं, तुम्हाला जुनी धुराची गाडी परत हवी का?

"नहीं जी. वो धुआँ मेरे सीने में है अभी तक. नई ही भेजो. बस, रात को हमारे यहाँ सोने दो."

अधिकारी म्हणाले, रात्री चार्जिंग लागतं, वाडीत ते कुठलं?

ते सासूबाईंना कुणीतरी समजावून सांगितलं. त्या बसल्या जागेवरूनच बोलल्या, "एवढंच व्हय? आवो, डायवर-कंडक्टरला जल्मभर पाळीनं जेवू घातलं. गाडीलाबी घालू की. चिंचेखाली जागा हाय, देवळात लाईट हाय. तार तेवढी तुमी वढा."

मामांनी ते हिंदीत सांगितलं. बाईंनी हातातला पेन खाली ठेवला आणि अधिकाऱ्यांना विचारलं, "ये बात आपके कागज़ में क्यों नहीं है?"

बाई म्हणाल्या, अहवालात हा प्रश्न जाईल, सरकारला उत्तर द्यावं लागेल.

पण दिल्लीचं उत्तर दिवाळीच्या आत थोडंच येतं. भाऊबीज झाली आणि अपेक्षा कासुर्डीला गेली. घरात तिची एक चप्पल राहिली होती, ती मी उचलली नाही. आज्जीनातीचं भांडण नाही, गाणं नाही. संध्याकाळी भाकऱ्या कमी लागायच्या. रात्री मी वहीत काहीबाही लिहिते, तेही पान अर्ध्यावर थांबायचं.

पौषात आगाराचे लोक मोजमापाला आले. माघात चिंचेच्या अलीकडं खांब उभा राहिला आणि त्याला चार्जिंगची पेटी बसली. सासूबाईंनी तिला हळदकुंकू लावलं, वायरमननं कपाळावर हात मारून घेतला. गाडी येणार म्हणायचे, पण कधी ते कुणी सांगेना.

चैत्रात एका संध्याकाळी आम्ही हरिपाठाला बसलो होतो. पुढचं अपेक्षानं नंतर सांगितलं ते असं. कॉलेजला सुट्टी लागली म्हणून ती घरी यायला निघाली, तर शिरूरच्या स्टँडवर आमच्या वाडीची पाटी लावलेली निळी गाडी उभी, आणि डायवरच्या मागच्या सीटवर इक्बालमामा. तिला बघून म्हणाले, "बस, बस. आज गुरुवार न्हवं का!" गाडी पाण्यावरनं जावी तशी आली. कालव्याच्या वळणावर मामा डायवरला म्हणाले, "हॉर्न दे."

डायवर तरुण होता. "मामा, रस्त्यावर कुणीच न्हाई."

"रस्त्यावर नसूदे. चुलीपुढं हायत. दे, न्हाईतर उपाशी झोपशील."

लांबलचक हॉर्न झाला. टाळ चालूच होते. इतक्या वर्षांत हरिपाठ अर्धवट सोडून मी कधी उठले नव्हते. त्या दिवशी उठले. सासूबाईंनी डोळे मिटलेलेच ठेवून हातानं खूण केली, जा. भैरवनाथाला जागेवरूनच हात जोडले आणि घराकडं पळाले.

पाळी कुणाची आहे हे विचारायलासुद्धा थांबले नाही. तवा ठेवला.