सासूच्या तोंडांचा स्कर्ट

सेफाकोरच्या कात्रीला सगळं केटा गाव मानतं, पण तिच्या शुक्रवारावर शेंबडं पोरही विश्वास ठेवत नाही. "कधी देतेस गं?" "शुक्रवारी." कुठल्या शुक्रवारी, ते विचारायची सोय नाही. मी माझं कापड एका ईस्टरला टाकलं आणि स्कर्ट मिळाला पुढच्या ईस्टरला. तोवर माझी कंबर सुटलेली. चेन अर्ध्यात अडली. तर ही बया मलाच म्हणते, "यायराताई, मी माप बरोबर घेतलं होतं, तूच जागेवर राहिली नाहीस." घ्या! ऐकून घेतलं. तिचं दुकान एका गंजक्या कंटेनरात आणि माझी केंकीची, म्हणजे पानात बांधलेल्या मक्याच्या गोळ्यांची, चूल त्याच्या सावलीत, भांडून जाणार कुठे?

पण खोटं कशाला बोलू, मेणछापी कापड तिच्यासारखं बेतणारी या किनाऱ्यावर दुसरी नाही. कापडावर कोंबडी असली तर चोच पुढेच येणार. पंखा असला तर दोन्ही मांड्यांवर सारखा. डोळ्यांचा छाप असला तर एकही डोळा बसायच्या जागी जायचा नाही. तिचा लांब स्कर्ट कंबरेपासून गुडघ्यापर्यंत असा बसतो, की बाईला व्हॅनमध्ये आडवं होऊन चढावं लागतं. बायका चढतात आडव्या, वर हसतातही.

अशी ही सेफाकोर सतरा वर्षं लेबेने आजीच्या घरची सून आहे, आणि सतरा वर्षांत एकदाही तिला घरचं कापड मिळालं नव्हतं.

आमच्याकडे मयत असो, बारसं असो, घरातल्या सगळ्या बायका एकाच छापाच्या कापडात. ते अंगावर असलं की तुम्ही घरच्या. नसलं की पाहुण्या, बसा तिकडे पाहुण्यांच्या बाकावर. कापड वाटायचं काम थोरल्या नणंदेचं, आक्पेनेचं. तिच्याकडे एक वही आहे. त्या वहीत बायकांची नावं नसतात, पोरांची असतात. एडेमची आई, सेनामची आई, जुळ्यांची आई. सेफाकोरला मूलबाळ नाही, म्हणजे वहीत ओळच नाही. दर खेपेला आक्पेने यायची, चाळीसेक बायकांचं कापड हिच्या टेबलावर आपटायची आणि म्हणायची, "अगं, या वेळी थोडं कमीच पडलं बघ. पुढच्या वेळी नक्की." सात मयतं झाली, पाच बारशी झाली, ती पुढची वेळ काही आली नाही. शिवायला ही आणि मिरवायला त्या! गरज सरो, वैद्य मरो. मी म्हणायचे, "फेक तिच्या तोंडावर ते गठ्ठे." ती दोरा दातांनी तोडायची आणि म्हणायची, "कापडाने काय बिघडवलंय, ताई?" नवरा एलिकेम भला माणूस, पण बहिणीपुढे त्याच्या तोंडाला कुलूप.

यंदा लेबेने आजीला, म्हणजे तिच्या सासूला, ऐंशी पूर्ण झाली. चर्चमध्ये आभाराची प्रार्थना आणि अंगणात मोठं जेवण ठरलं. पोरांनी हौसेने खास कापड छापून आणलं. निळी जमीन, कवड्यांची वर्तुळं आणि प्रत्येक वर्तुळात आजीचा चेहरा, हाताच्या पंजाएवढा. फोटो एकच सापडला होता, ओळखपत्रावरचा. त्यात आजी फोटोवाल्यावर भडकलेली आहे. त्यामुळे कापडभर आजी भडकलेली.

एकेचाळीस बायका, एकेचाळीस तुकडे. मी मोजायला उभीच होते. बेचाळिसावा तुकडा नव्हता.

"अगं, या वेळी थोडं..." आक्पेनेने सुरुवात केली.

"कमी पडलं," सेफाकोर म्हणाली. "असू दे, ताई. शुक्रवारी देते."

आणि गंमत बघा, आयुष्यात पहिल्यांदा तिने शुक्रवार पाळला. एकेचाळीसही स्कर्ट तयार झाले. जुळ्यांच्या आईने आपला घालून पाहिला, आजीला दाखवायला गेली आणि नमस्कार करून ऐसपैस बाकावर बसली. आजी किंचाळली. "ऊठ! ऊठ माझ्या तोंडावरून!"

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी नारळाखाली अख्खं घराणं जमलं. आजीने जाहीर केलं, "मी अजून जिवंत आहे. माझ्या वाढदिवसाला माझ्याच तोंडावर एकेचाळीस बुडं टेकणार असतील, तर मी त्या दिवशी माहेरी निघून जाईन." तिचं माहेर समुद्राने गिळून तीस वर्षं झाली, पण ते तिला सांगणार कोण?

चार तास बैठक चालली. मी केंकी पुरवत होते म्हणून सगळं ऐकलं. कोणी म्हणालं, बायकांनी उभं राहावं. बायका म्हणाल्या, तुम्हीच राहा उभे. पुरुषांना काय, त्यांचे सदरे, सदऱ्यावर कोण बसतं? कोणी म्हणालं, चेहरा वरून आला काय नि आतून आला काय, स्कर्ट उलटा घाला. मेणछाप दोन्हीकडून सारखाच दिसतो, एवढं या शहाण्याला पन्नाशीपर्यंत कळलं नव्हतं. आजीचे दीर वोलान्यो मास्तर, निवृत्त आहेत पण शिकवायची खोड जात नाही, त्यांनी एका कुल्ल्यावर कसं बसावं याचं प्रात्यक्षिक दिलं आणि खुर्चीसकट खाली आले. त्यांना उचलण्यात अर्धा तास गेला.

शेवटी पाहुण्यांच्या बाकावरून सेफाकोर उठली. "चेहरे दाट आहेत, कसंही बेतलं तरी बसायच्या जागी प्रत्येक स्कर्टवर दोन येतातच," ती म्हणाली. "ते गोल कापून काढते, तिथे साधं निळं ठिगळ लावते. ठिगळावर बसा खुशाल."

आजीने मान हलवली. सुटले सगळे. "हुशार आहे हो शिंपीण," कोणीतरी म्हणालं. सतरा वर्षांनी शिंपीण!

तर मग कात्री चालली. एकेचाळीस स्कर्टांच्या मागून दोन-दोन, म्हणजे ब्याऐंशी आज्या कापून निघाल्या आणि टोपलीत पडल्या. आता त्यांचं करायचं काय? कतरण शिंप्याची, हा नियम जगभर एकच. सेफाकोर एरवी कतरणांनी मशीनचं तेल पुसते. पण सासूच्या तोंडाने तेल पुसणार? जाळावं म्हटलं, तर चर्चचे वडीलधारे म्हणाले, जिवंत माणसाचा चेहरा जाळू नये. "मग पुरू का?" हिने विचारलं. ते दचकलेच. जिवंत बाईला पुरायचं? तेही ब्याऐंशी वेळा? ती टोपली घेऊन आक्पेनेकडे गेली. आक्पेने म्हणाली, "कतरण तुझी, तुझं तू बघ. मला नको दाखवूस, मला आई ओरडतेय असं वाटतं."

टोपली दुकानात राहिली. मी पिठाचा गोळा वळायला बसले की समोर ब्याऐंशी लेबेने माझ्याकडे डोळे वटारून बघायच्या. मी वरचे चेहरे पालथे घातले, तर मेणछाप तो, पाठीवरही आजीच! फक्त गालावरचा मस डावीकडून उजवीकडे गेला. माझ्या हातून त्या दिवशी मीठ दुप्पट पडलं, गिऱ्हाइकांनी शिव्या घातल्या.

"सेफाकोर, झाक गं बाई ते."

"झाकू कशाला?" ती म्हणाली. तिने एक चेहरा उचलला, दुसरा त्याला लावून पाहिला, तिसरा खाली धरला. मग माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरलेले होते आणि ओठ हसत होते. असं बाईचं तोंड मला अजिबात आवडत नाही, त्यातून काहीतरी भानगड निघतेच.

"ताई, कतरण माझी ना?"

"तुझी."

"मग मला कापड मिळालंय."

मी हात जोडले, समजावलं. म्हटलं, त्या घरात तुला पाहुणी तरी म्हणतात, आता चोर म्हणतील. हात दाखवून अवलक्षण कशाला? ऐकेल तर शपथ. चार दिवस ती गोलाला गोल जोडत होती, मधल्या फटींत निळं भरत होती. कंबरेपासून घोट्यापर्यंत नुसत्या सासवा. ब्याऐंशीच्या ब्याऐंशी बसल्या, एक उरली नाही. माप तिने आरशात न बघता, स्वतःच्या अंगावर, नुसत्या हातांनी घेतलं.

रविवार उजाडला. चर्चच्या दारातून एकेचाळीस बायका रांगेने आत गेल्या, प्रत्येकीच्या मागे दोन गोल निळी ठिगळं. मागून बघणाऱ्याला वाटावं, अख्ख्या घराण्याने सकाळीच कुठेतरी घसरगुंडी खेळली. आणि सगळ्यांच्या शेवटी सेफाकोर. पाळक प्रार्थनेच्या मध्येच थांबले. एलिकेमने तिच्याकडे बघितलं, घाम पुसला, आणि कधी नव्हे तो बहिणीला ओलांडून बायकोच्या शेजारी येऊन उभा राहिला. शाबास रे बाबा, म्हटलं, सतरा वर्षांत एकदा तरी पाय हलले.

ती बसली मात्र नाही. तीन तास प्रार्थना चालली, ती उभी. अंगणात जेवणं मांडली, ती उभी. घरच्या बायका आपापल्या ठिगळांवर मजेत टेकल्या, भात-मासळी चापू लागल्या. आक्पेने तिच्या कानाशी आली आणि दात दाबून म्हणाली, "तुला कापड दिलं कोणी?"

"कतरण आहे, ताई. तुम्हीच म्हणालात, तुझं तू बघ."

"काढून ये. आत्ता. वहीत तुझं नाव नाही."

सेफाकोर जायला वळली. मला दिसत होतं, मी चार हातांवर केंकीची पानं सोडत होते. आता ही निघून जाणार, आणि गेली की पुन्हा या अंगणात येणार नाही, हे मला चुलीच्या आगीसारखं स्पष्ट दिसत होतं. तेवढ्यात काठी आपटली.

"कोण आहे ते इतकी माणसं घेऊन उभं?" लेबेने आजीला लांबचं धड दिसत नाही. "इकडे आण."

सेफाकोर पुढे गेली. आजीने स्कर्ट हातात धरला, नाकाशी नेला, एकेका चेहऱ्यावरून बोट फिरवलं.

"ही मीच ना?"

"हो, आई."

"हा मस उजव्या गालावर कसा आला?"

"उलटा लागला, आई. चुकलं."

"किती आहेत मी?"

"ब्याऐंशी."

"मी ऐंशीचीच आहे."

"दोन पुढल्या वर्षांच्या धरा," सेफाकोर म्हणाली. भीतीने तोंडातून निघून गेलं असणार.

आजी हसायला लागली. आजी हसते हे निम्म्या घराण्याला माहीत नव्हतं, जुळी रडायलाच लागली. मग ती थांबली आणि म्हणाली, "दर खेपेला तू वेगळ्या कापडात दिसायचीस. मला वाटायचं, शिंपीण आहे, तोरा आहे, आमचं कापड हिला चालत नाही."

"मला दिलंच नाही कधी, आई. एकदाही नाही." सतरा वर्षं गिळलेलं ते वाक्य, आणि निघालं ते इतक्या हळू आवाजात, की मागच्यांनी "काय म्हणाली, काय म्हणाली" सुरू केलं. "काही म्हणाली नाही, गप जेवा," मी ओरडले.

आजीने आक्पेनेकडे तोंड फिरवलं. ते तोंड तेव्हा हुबेहूब कापडावरचं होतं. "वही आण."

"आई, वहीत पोरांच्या नावाने लिहितात," आक्पेने म्हणाली. "रीतच आहे. हिला मी लिहू तरी कोणाची आई?"

आजीने स्कर्टवरचा एक चेहरा चिमटीत धरून हलवला. "ही कोण?"

"तू."

"ही?"

"तूच, आई."

"तुम्ही एकेचाळीस जणींनी मला कापून फेकली. हिने गोळा केली, जोडली, अंगावर घेऊन सकाळपासून उभी आहे. माझ्या आईने मला एकदाच जन्माला घातलं, ते सुद्धा कुरकुरत. हिने ब्याऐंशी वेळा. लिही. लेबेनेची आई."

"आई, अगं, सून सासूची आई कशी..."

"लिही म्हणते ना!"

आक्पेनेने लिहिलं. वोलान्यो मास्तरांनी उठून अक्षर तपासलं, एक मात्रा दुरुस्त केली. मग आजी शेजारची जागा थोपटून म्हणाली, "आता बस."

"तुमच्या तोंडावर, आई?"

"बस गं. आईने नाही बसायचं तर कोणी?"

सेफाकोर बसली. सावकाश, आधी एका बाजूने, मग सगळी. आणि बसताक्षणी अशी हमसून रडली, की आजीनेच तिला पदराने पुसलं. मी पण रडले, मिरच्या हाताला होत्या म्हणून जास्तच रडले.

आता बाजारात तिला सेफाकोर म्हणून हाक मारून बघा, ओ देत नाही.