हिराकाकूंच्या जाळ्याचा तुकडा

मंडळी, आज माझ्या हातून एक चूक झाली. कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

रेवदंड्यातल्या आमच्या शेजारीण हिराकाकूंनी वारलेल्या नवऱ्याने विणलेल्या मासेमारीच्या जाळ्याचा तुकडा माझ्याकडे रेझिनच्या, म्हणजे ओतल्यावर काचेसारख्या घट्ट होणाऱ्या द्रवाच्या, पारदर्शक ठोकळ्यात बसवायला दिला होता; असे आठवणींचे ठोकळे करून देणं हाच माझा धंदा. त्यांच्याकडे तेवढाच उरला होता.

तुकडा नीट वाळला नव्हता, हे मला कळत होतं. पण ऑर्डरी तुंबल्या होत्या, म्हणून घाई केली. ओल लागताच रेझिन फेसाळलं आणि दहा मिनिटांत पांढरंफटक होऊन घट्ट झालं.

काकूंनी ठोकळा उजेडाकडे धरला. "एक पण गाठ दिसत न्हाय रं."

"काकू, चूक माझीच हाय."

ठोकळा पदरात गुंडाळून त्या निघून गेल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

उद्या त्यांच्या दारात जाऊन मी काय बोलू?