पोकळ हाताची थाप

घशातली नळी निघाली, यंत्राचा आवाज थांबला आणि माझा नवरा स्वतःच्या छातीनं श्वास घ्यायला लागला, तेव्हा मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे. मी तिथल्या तिथं हात जोडले. डॉक्टर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "उजवीकडं कफ साचलाय. तो खोकून बाहेर पडला पाहिजे. संध्याकाळपर्यंत वाट बघू, नाहीतर नळी परत घालावी लागेल. आणि परत घातलेली कधी निघेल, याचा भरवसा मी देत नाही."

तिथून पुढं माझा जीव टांगणीला लागला.

मण्यार चावली होती. वैशाखरे गावाच्या अलीकडं आमची वाडी. भाताची झोडणी चालली होती आणि हे खळ्यावर राखणीला झोपलेले. पहाटे घरी आले ते पोट धरून. दात लागल्याची खूण कुठं दिसेना, म्हणून मी आपला ओवा दिला. उजाडेपर्यंत पापण्या उघडेनात, जीभ जड झाली, तेव्हा घरात आरडाओरडा झाला. जीपनं मुरबाडला नेलं, तिथून इंजेक्शनं देऊन कल्याणला पाठवलं. वाटभर एक वॉर्डबॉय त्यांच्या तोंडावर रबरी फुगा दाबत बसला होता, म्हणून ते पोचले. पुढं विष उतरलं. पण इतके दिवस यंत्रानं श्वास दिलेला माणूस, त्याच्या अंगात खोकण्याएवढंही बळ उरलं नव्हतं. छातीत नुसती घरघर.

सोबत माझे मोठे दीर होते. सासरे लवकर गेले, त्यामुळे ह्यांना खांद्यावर घेऊन वाढवलं ते भाऊजींनीच. माणूस रागीट, आणि किळस तर अशी की शेजारी कुणी नुसतं खाकरलं तरी भरल्या ताटावरून उठायचे. एरवी माझी जीभ काय चीज आहे ते अख्ख्या वाडीला ठाऊक, पण त्यांच्यापुढं लग्नापासून मी ब्र काढला नव्हता. डोईवरचा पदरसुद्धा ढळू दिला नव्हता.

दुपारी एक मुलगी आली. पांढरा कोट, दोन वेण्या, शाळकरीच वाटावी. मुंबईच्या कॉलेजात फिजिओथेरपी शिकत होती. भाऊजींना म्हणाली, "काका, मी यांची छाती मोकळी करते. यंत्रावरून उतरलेल्या पेशंटना थापटलं, उठवून बसवलं, तर ते लवकर सुधारतात का, याचा माझा अभ्यास चाललाय. तुमची हरकत नसेल तर यांचंही त्यात लिहून घेईन."

भाऊजी बाजूला सरकले. त्यांना वाटलं असेल, नाडीबिडी बघेल. तिनं ह्यांना डाव्या कुशीवर वळवलं आणि उजव्या बरगड्यांवर थापा द्यायला सुरुवात केली. ढप् ढप् ढप्. ह्यांच्या अंगाची काडी झालेली, थापेसरशी मान हलत होती.

"ए! हात काढ!" भाऊजी एवढ्यानं ओरडले की पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा दचकला. "मरता मरता वाचलाय माझा भाऊस, आन् तू त्याला बडवतेस? तुझ्या अभ्यासाला आणलाय काय आमी त्याला?"

"काका, मारत नाहीये मी, यानं कफ सुटतो..."

"नाय बोललो ना! निघ हितून."

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. घरच्यांनी नको म्हटल्यावर तिला हात लावता येत नव्हता. ती गेली. नर्स माझ्याकडं बघून म्हणाली, "हे काम करणारं दुसरं कुणी नाही हो आमच्याकडं."

खरं सांगते, अभ्यास हा शब्द ऐकून माझ्याही डोक्यात तिडीक गेली होती. आमचा माणूस म्हणजे काय शाळेतला बेडूक? पण थापा चालल्या होत्या तेव्हा मी एक ऐकलं होतं. ती घरघर खालून वर सरकली होती. थापा थांबल्या तशी परत खाली जाऊन बसली. ओठ निळसर दिसायला लागले होते, आणि नर्सनं शेजारच्या टेबलावर नव्या नळीचा ट्रे आणून ठेवला.

मी उठले. मुलगी जिन्यात पिशवी भरत होती. म्हटलं, "अभ्यास राहू दे तुझा. नुसतं माझ्या माणसाचं बघशील का?"

"अभ्यासात नाहीच धरत यांना, काकू. काही लिहीत नाही. पण घरच्या कुणीतरी हो म्हणायला पाहिजे."

"मी म्हणते हो. बायको आहे मी."

वॉर्डच्या दारात भाऊजी आडवे उभे.

"बाजूला व्हा, भाऊजी."

"काय बोललीस गो?"

"बाजूला व्हा बोलले. तुमी वाढवलंत त्यांना, कबूल. पण नळी परत गेली आन् निघाली नाय, तर कुंकू माझं जाईल!" भाऊजींनी माझ्याकडं असं बघितलं की आता हात उचलतात. मग ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

तिनं सुरू केलं. तिचे हात भरून आले तेव्हा मला म्हणाली, "या, तुम्ही करा." मी थाप दिली तर म्हणते, "भाकरी थापल्यासारखं नको. हात पोकळ धरा, पाणी प्यायला धरतो तसा. आवाज आला पाहिजे, लागता कामा नये." मी थापटत राहिले. हे श्वास सोडत तेव्हा ती बरगड्यांवर दाब द्यायची. घरघर वर यायची, गळ्याशी अडायची. आम्ही त्यांना उठवून पुढं वाकवून बसवलं.

"अहो, खोका की! बैल हाकताना वाडी डोक्यावर घेता, आन् आता काय झालं? खोका म्हणते ना!"

डोळ्यांतून पाणी आलं, पण खोकला येईना. आणि एकाएकी घरघरच थांबली. श्वास अडकला. तोंड काळवंडलं. नर्स डॉक्टरांना हाका मारत धावली. मी देवाला नाही, नवऱ्यालाच शिव्या घालत होते, आणि रडत होते.

"वर आलाय, वर आलाय," म्हणत त्या पोरीनं बरगड्यांखाली दोन्ही हातांनी जोर दिला.

खोकले! तोंड भरून आलं, पण थुंकायची ताकद नव्हती, आणि भांडं राहिलं होतं खाटेच्या पलीकडं. तेवढ्यात माझ्या खांद्यावरून दोन हात पुढं आले, ह्यांच्या हनुवटीखाली. भाऊजींचे. दाट, पिवळं, रक्ताची रेघ असलेलं ते सगळं त्यांच्या ओंजळीत पडलं. हात मागं घेतले नाहीत त्यांनी. "टाक रे बाला, टाक. अजून टाक."

डॉक्टर आले, पाठीला स्टेथोस्कोप लावून कितीतरी वेळ ऐकत राहिले आणि नर्सला म्हणाले, "तो ट्रे घेऊन जा."

मी पदरानं ह्यांचं तोंड पुसलं. भाऊजी तसेच उभे, ओंजळ भरलेली, कुठं ठेवावी कळेना. शेवटी ते त्या मुलीकडं वळले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "पोरी, हे कुठं टाकू? का तुला अभ्यासाला पायजे?"